सतरा एकांचे अवयव

'अवयव' हा शब्द मी आता वर्गात स्वतःच्या तोंडानं उच्चारत नाही. मराठीची बाई आहे, धड्यात आला तर टाळता येत नाही. मग एखाद्या पोरीला वाचायला लावते आणि आपण खिडकीतून बाहेर बघते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आमच्या शाळेत हा शब्द निघाला की हसू यायचं. गणिताच्या सरांना पोरं पाठीमागं 'अवयव' म्हणायची, कारण वर्गात पाय टाकल्याटाकल्या सर फळ्यावर एक आडदांड संख्या लिहायचे आणि गरजायचे, "पाडा हिचे अवयव!" नवा शिपाई पहिल्यांदा ते ऐकून स्टाफरूमकडं पळत आला होता. "बाई, सर कुणाला हाणायला लागलेत का ओ?"

गणित सोडून ज्यांना जमाना झाला त्यांच्यासाठी सांगते. ज्या संख्यांचा गुणाकार केला की मोठी संख्या होते, ते तिचे अवयव. बाराचे दोन, दोन आणि तीन. आणि जिला फक्त एकानं आणि स्वतः तिनंच भाग जातो, बाकी कुणाच्या बापाला ती दाद देत नाही, ती मूळ संख्या. सरांच्या लेखी जगात हे दोनच प्रकार होते. सोलापूरच्या गाड्यांवर एमएच तेरा. तेरा मूळ संख्या, म्हणून सोलापूरची माणसं अभंग. पुणं बारा. "बारा म्हणजे फुटकं. कुणीही यावं, भाग देऊन जावं," असं ते पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांच्या तोंडावर म्हणाले होते. साहेब हसले, हेडमास्तरांना घाम फुटला.

सर अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातले. घरात कानडी, शाळेत मराठी, राग आला की दोन्ही. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोटांना कायम शाई. माझं आणि त्यांचं फार जमायचं असं नाही. माझी जीभ तिखट, त्यांची कोरडी. पण घरं भिंतीला भिंत लागून आणि शाळेत टेबलं समोरासमोर, त्यामुळं सुटका नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा मी चोवीसची, आमचे हे तीसचे. सरांनी पत्रिका हातात घेतली, वयं विचारली आणि सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "मसावि सहा. सहा गोष्टींवरून भांडाल." सहावर थांबलो असतो तर नवस फेडला असता.

सात रस्ता चौकातून घरी जायला कधीमधी आम्ही एकच रिक्षा करायचो. सर आधी नंबर बघणार, त्याचे अवयव पाडणार, मगच पाय आत टाकणार. एकदा भर उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत होतं, असल्या उन्हात चार हजार सत्त्याऐंशी नंबराची रिक्षा समोर आली. सर पुटपुटत उभे. सातानं नाही, तेरानं नाही, एकोणीसनं नाही. रिक्षावाला म्हणाला, "सर, बसताय का जाऊ?" मी म्हटलं, "मी मरते हितं, मग पाडा माझे अवयव." तेवढ्यात सर ओरडले, "एकसष्ट सदुसष्टे! बसा, बाई." आणि असे खुशीत बसले की जणू रिक्षा त्यांच्या मालकीची.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते त्यांच्या एका सवयीनं. 'नाही' हा शब्द ते कुणाला धड बोलू द्यायचे नाहीत. शिपाई म्हणाला, डस्टर नाही, की सर म्हणणार, "सापडलं नाही म्हण. नाही म्हणू नकोस. तू सगळीकडं बघितलंस का?" हजेरी घेताना पोरं ओरडायची, "सर, तो नाही!" तर, "दिसला नाही म्हणा." मी एकदा कानातली कुडी हरवून रडकुंडीला आले होते, आईची होती, आणि मी म्हटलं, "गेली ती, आता नाही." सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "सापडली नाही, बाई." मी चिडून डबा पिशवीत कोंबला, तर कुडी भाकरीच्या फडक्यात. त्या दिवसापासून मला बोलायची सोयच राहिली नाही.

ही सवय त्यांना कुठून लागली, हे कळायला त्यांचं घर बघायला हवं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्या खाली, जिथं लहान पोराचा हात पोचतो तिथं, कोळशानं एका ओळीत सतरा एक लिहिलेले होते. मराठी एक, शेपटी खाली ओढलेले, शेवटचे दोन पडायला आल्यासारखे. त्यांचा एकुलता मुलगा पहिलीत असताना एक काढायला शिकला आणि हात थांबेपर्यंत काढत सुटला. मग बापाला विचारलं, "आप्पा, हे किती झाले?" सरांनी त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवलं. एक, दहा, शंभरपासून वर चढत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. अंत्याच्या पुढं मध्य, ही आपल्या जुन्या लोकांची उलटी तऱ्हा. पोरानं दुसरा प्रश्न विचारला, "ह्याला कशानं भाग जातो?" आणि सर अडकले. अडकले ते अडकलेच.

११,११,११,११,११,११,११,१११. दर दिवाळीला घराला रंग लागायचा, पण तेवढी पट्टी सोडून. रोज सकाळी लिंगपूजा झाली की सर तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर एक भागाकार करायचे. रोज एक. कशानंही भागायचं असं नाही. त्यातही कायदा होता, तो त्यांनी मला शेंगाचटणी खाता खाता समजावला होता. सतरा एकांना भागणारी जी कुठली मूळ संख्या असेल, तिला सतरानं भागलं तर बाकी एकच राहिली पाहिजे. म्हणून सुरुवात एकशेतीनपासून, मग एकशेसदतीस, मग दोनशे एकोणचाळीस, मग तीनशे सात. असं चढत जायचं. मी विचारलं, "आणि नाहीच सापडला अवयव तर?" म्हणाले, "साडेदहा कोटींपर्यंत, म्हणजे वर्गमुळापर्यंत, बघायचं. तिथवर नाही सापडला तर मग नाही म्हणायचं. तोवर नाही." मी म्हटलं, त्याला तुम्हाला किती जन्म लागतील? त्यावर ते हसले आणि भाकरी मोडली.

मोबाइलवर हे एका चुटकीत कळतं, हे त्यांनाही माहीत होतं. पोरांना सक्त ताकीद होती, कुणी बघायचं नाही, बघितलं तर सांगायचं नाही. "आयतं कळलं की चव जाते."

मुलाला अर्थातच माहीत होतं. तो कॉम्प्युटर शिकून पुण्यात नोकरीला लागला होता. सर म्हणायचे, "पोरगा एमएच बारात गेला." एकदा सुट्टीत आला तेव्हा आमच्या दारात उभं राहून हळूच म्हणाला, "काकू, फुटतो तो आकडा. वीस लाखांच्या थोडा पुढं अवयव आहे. आप्पा आत्ता चौदा-पंधरा लाखांवर आलेत. रोज एक केला तर रिटायर झाल्यावर चार-पाच वर्षांत पोचतील. मी मुद्दाम त्या दिवशी रजा काढून येणार. तुम्ही बोलू नका हं." मला त्या पोराचं लई कौतुक वाटलं. बापाच्या आनंदाची तारीख त्यानं मनात धरून ठेवली होती आणि बापाला पत्ता नव्हता.

त्याच पोराला सणासाठी मोटरसायकलवर घरी येताना मोहोळजवळ उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं. ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येत होता. अंगावर खरचटल्यापलीकडं फारसं काही नव्हतं. मार सगळा डोक्याला.

सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा तो मशीनवर होता, आणि पुढंही मशीनवरच राहिला. डॉक्टर आमच्याच शाळेतला, सरांच्या हाताखालून गेलेला. त्यानं सरांना बाजूला घेतलं. मी शेजारी होते.

"सर, मेंदू पूर्ण मेलाय. छाती हलतीय ती मशीनमुळं. आम्ही मशीन थोडा वेळ बंद करून बघतो, स्वतःहून श्वास घेतो का. एकदा बघितलं, मधे काही तास जाऊ दिले, परत बघितलं. श्वास नाही."

"सापडला नाही म्हण," सर म्हणाले.

"काय?"

"श्वास सापडला नाही म्हण. नाही म्हणू नकोस. दोनदा भाग गेला नाही म्हणून संख्या मूळ होत नाही."

"सर, हे गणित न्हाय ओ."

"मग काय आहे? अंदाज?"

नेहमी ज्या सवयीचा मला वैताग यायचा, त्याच सवयीची मला तेव्हा भीती वाटली.

थोड्या वेळानं दवाखान्यातली एक तरुण मुलगी आली. अशा घरच्या लोकांशी बोलणं हेच तिचं काम. फार हळू बोलत होती. अवयव देता येतील, म्हणाली. लिव्हर, दोन्ही किडन्या, कदाचित हृदयही. आईवडील दोघांची संमती लागेल. आणि वेळ फार नाही. मशीनवर शरीर फार टिकत नाही, रक्तदाब खाली चाललाय, हृदय थांबलं की डोळ्यांशिवाय काहीच कामी येत नाही. "पुण्यात एक पेशंट आहे," एवढं ती बोलली आणि थांबली. बहुतेक बोलायचं नव्हतं. सर विचारत होते, कोणते अवयव, कसे, किती वेळात. अवयव, अवयव, अवयव. तेवढ्यात त्यांची बायको आतून पोराजवळून उठून व्हरांड्यात आली. तिला आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. मराठी तिला बेताचं यायचं, पण हा एक शब्द लग्न झाल्यापासून रोज कानावर पडलेला. नवऱ्याला ती कानडीत 'री' म्हणजे 'अहो' म्हणायची, तशीच ओरडली.

"री! हितं पण तेच? माझं पोरगं तितं पडलंय आन तुमी हितं अवयव पाडत बसलाय?"

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या मुलीला काही कळेना. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा तिला. तुमचा विषय आहे."

शब्दार्थ सांगणं हा माझा धंदा. हजार शब्दांचे अर्थ सांगितले असतील. पण त्या दिवशी त्या बाकावर अक्काचा हात धरून मला एका शब्दाचा अर्थ सांगता येईना. शेवटी म्हटलं, "अक्का, हे गणितातलं नव्हं. अंगातलं. लिव्हर, किडनी, हृदय. दुसऱ्या आजारी माणसाला लावतात."

ती म्हणाली, "काढून?"

"व्हय."

"उसिरु?" श्वासाला त्यांच्यात उसिरु म्हणतात.

"मशीनचा हाय, अक्का. त्याचा न्हाय." मी 'न्हाय' म्हणाले. सर ऐकत होते, त्यांनी मला दुरुस्त केलं नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमच्यात बसवून माती देतात, तुमाला म्हाईत हाय की. पोट शिवल्यावर बसंल का त्यो?" मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, नीट शिवून देतात, बसवता येईल. मी तसं सांगितलं. अक्का उठली, नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "द्या मंग. कुणाची तरी आई अशीच कुटंतरी बाकावर बसली आसंल."

सर म्हणाले, "अजून सिद्ध झालेलं नाही."

त्यांनी नकार दिला असं कुणी म्हणू नये. त्यांनी वेळ मागितला. पोराच्या उशाशी बसले, त्याचा अंगठा मुठीत धरला आणि कानात सतराचा पाढा म्हणायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. लहानपणी पोरगं सतरा सक्कंवर अडकायचं, तिथं आले की थांबायचे आणि त्याच्या तोंडाकडं बघायचे. मग परत पहिल्यापासून. आणि एकदा तो अंगठा हलला. मी डोळ्यांनी बघितलं, हलला. सर ताडकन उठले, "हलला! बाई, हलला!" डॉक्टर धावत आला, बघितलं, आणि रडवेला होऊन म्हणाला, "सर, हे पाठीच्या कण्यातून येतं. मेंदू नसला तरी होतं. ह्याचा अर्थ काही नाही."

"एक तरी सापडला ना? मग तू नाही कसं म्हणतोस?"

त्यावर त्यांना हलवणं ब्रह्मदेवाला जमलं नसतं. अक्का पायापाशी बसून म्हणत होती, "साकु री, साकु." पुरे झालं. मीही बोलले. नुसती बोलले नाही, भांडले. "सर, पुण्यात कुणी वाट बघतंय. तुमच्या हट्टापायी कुणाचं तरी जाईल." ते म्हणाले, "आणि ह्याचा श्वास उद्या सापडला तर? बाई, तुमचा असता तर?" मला त्यांचा संताप आला होता आणि त्याच वेळी वाटत होतं, माझं लेकरू असतं तर मीसुद्धा अंगठा सोडला नसता.

दुपारी, डब्यांची वेळ होती, खाली कुणीतरी भजी तळत होतं त्याचा वास वर येत होता, तेव्हा मशीन ओरडायला लागलं. आतली माणसं धावली. बरंच काय काय केलं. मग डॉक्टर बाहेर आला आणि सरांना वाट करून दिली. सर पडदा सारून आत गेले, पोराच्या छातीवर हात ठेवून उभे राहिले, हात काढला आणि म्हणाले, "हो. आता नाही." त्यांच्या तोंडून सरळ 'नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. मग लगेच डॉक्टरकडं वळून घाईघाईनं, "घ्या आता. लिव्हर, किडन्या, काय पाहिजे ते घ्या."

"सर, आता फक्त डोळे."

व्हरांड्याच्या टोकाला ती मुलगी फोनवर बोलत होती. "नाही होणार. पुण्याला सांगा, नाही." सर तिच्यापाशी गेले. "कोण होतं?" ती म्हणाली, "ते सांगता येत नाही, सर." त्यांनी डोळ्यांच्या कागदावर सही केली. अक्कानंही केली, कानडीत. संध्याकाळच्या आत त्याला माती दिली, मांडी घालून बसवून, हातात लिंग देऊन. पापण्या मिटलेल्या होत्या. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

सर शाळेत परत आले ते वेगळेच आले असं नाही. तसेच शाईचे हात, तसेच पट्टे. पण सकाळचा भागाकार बंद झाला. नव्या वर्षी आठवीला 'बैजिक राशींचे अवयव' हा धडा आला तेव्हा त्यांनी फळ्यावर नुसतं प्रकरण सहा असं लिहिलं आणि पोरांना म्हणाले, "ह्याचे तुकडे करा." पोरं एकमेकांकडं बघत राहिली. हसलं मात्र कुणी नाही.

एक दिवस मला राहवेना. मी म्हटलं, "सर, तो आकडा मूळ नाही. फुटतो. पोरानं बघितलं होतं, तुम्ही पोचाल त्या दिवशी रजा काढून येणार होता." मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "कितीला?" मी मोबाइल काढून वाचून दाखवलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. दुसरा अवयव पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. सरांनी पाठकोऱ्या पेपरावर उभा गुणाकार मांडला, मशीनवर विश्वास न ठेवता, हातच्यांसकट. खाली ओळीनं सगळे एक उतरले. ते त्यांच्याकडं बघत राहिले.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं सापडला नव्हता, पण होता. आकड्यात अवयव होता, बाई. पोरात श्वास नव्हता. मी दोन्हीकडं एकच रीत लावली." आणि ते टेबलावर डोकं ठेवून रडले, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. मीही रडले. शिपायानं दार ओढून घेतलं.

त्यानंतर ते दर आठवड्याला त्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले. ती मुलगी जिथं बसायची त्या खोलीबाहेरच्या बाकावर. विचारायचे एकच, पुण्याच्या त्या पेशंटला नंतर दुसरं कुणाचं मिळालं का? ती सांगायची, सर, नियम आहे, नाही सांगता येत. सर म्हणायचे, "बरं," आणि पुढच्या आठवड्यात परत. अक्का मला म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी. घरात बसून तरी काय करत्यात?" मी एकदा त्या मुलीला गाठून म्हटलं, काहीतरी सांगून मोकळी हो ना बाई, मिळालं म्हण. ती म्हणाली, "मॅडम, खोटं सांगितलं तर ते तपासतील."

मागच्या महिन्यात एका सकाळी सर उशिरा आले. तिसऱ्या तासाची बेल व्हायची होती, त्यांना आठवी ब वर जायचं होतं. मी निबंध तपासत होते. ते समोर येऊन बसले, खडूच्या डबीतून खडू काढला, परत ठेवला.

"सांगितलं तिनं आज," ते म्हणाले. "तीही रडायला लागली."

"काय म्हणाली?"

"मुलगी होती. आठवीतली."

माझा पेन कागदावर तसाच राहिला. आयुष्यभर मी पोरांना काळ शिकवत आले, वर्तमान, भूत, भविष्य. तरी विचारलं, "होती?"

"होती," सर म्हणाले.